चार फुटांची साखळी आणि पन्नास रुपयांचा कायदा

मंडळी, पोस्ट लांब आहे. ज्यांच्या दारात कुत्रा बांधलेला आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी वाचून त्यांना पाठवा. शिव्या द्यायच्या असतील तर कमेंटमध्ये द्या, फोन करू नका. परवापासून फोन घेऊन घेऊन कान दुखले.

विषय सगळ्यांना माहीत आहे. आपल्या देऊळघाटात गेल्या आठवड्यात एका घरचा बांधलेला कुत्रा साखळी तोडून सुटला आणि शिकवणीला चाललेल्या चौथीतल्या पोराच्या पोटरीला चावला. पोरगं ठीक आहे. जखम साबणाने धुतली, दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं सुरू झाली. ज्या शेजारणीने नळाखाली पाय धरून पंधरा मिनिटं धुतला तिचे आभार. हळद-चुना भरायला निघालेल्या दोघांना तिने हाकलून लावलं, त्याचेही आभार.

त्यानंतर अर्ध्या तासात तिथं शंभर माणूस जमलं. एक म्हणे मारून टाका. दुसरा म्हणे पोत्यात घाला आणि घाटात सोडून या. तिसरा व्हिडिओ काढत होता. कुत्र्याचं नाव टायगर, हे चौघांनी मला चार वेळा सांगितलं, जणू नावातच पुरावा आहे.

मी मालकाचं नाव लिहिणार नाही. विचारू नका. कारण मुद्दा त्या एका घराचा नाही. आणि दुसरं कारण असं की मी दोन वर्षं रोज त्या दारावरून जातो. टायगर रोज त्याच खुंट्याला, त्याच साखळीला. पिल्लू होता तेव्हा पोरं त्याच्यासोबत रील काढायची. मोठा झाला, अंगाला वास यायला लागला, रील बंद झाली. साखळी राहिली. रोज दिसत होतं. पत्रकार म्हणवतो, गावच्या नाल्यावर पंधरा बातम्या केल्या, पण या दारात थांबून एक शब्द बोललो नाही. तेव्हा जी बोटं आज मालकाकडे आहेत, त्यातलं एक माझ्याकडे वळवून मग पुढं लिहितो.

चावल्याच्या दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो आणि साखळी मोजली. चार फूट. खुंट्याभोवती चार फुटांचं वर्तुळ काढलं तर जागा होते साधारण पन्नास चौरस फूट. आपल्याकडची न्हाणी नि संडास मिळून तेवढी होते. त्यात खाणं, त्यातच झोपणं, त्यातच घाण. दोन वर्षं. आतली माती साखळीने घासून घासून सिमेंटसारखी गुळगुळीत झाली आहे, बाहेर गवत आहे. कंपासने काढावी तशी रेघ दिसते.

मालकाला विचारलं, फिरवता का कधी? तो म्हणाला, "भाऊ, तो राखणीले हाय. राखणीच्या कुत्र्याले काय फिरवाचं? फिरवलं का माणसाळते."

हे वाक्य मी आयुष्यात किमान पन्नास जणांकडून ऐकलंय. म्हणून यावरच बोलू.

कुत्रा माणसाळला तर राखण करत नाही, हे खोटं आहे. राखण म्हणजे ओळखीचा कोण, अनोळखी कोण, धोक्याचा कोण, बिनधोक्याचा कोण हे कळणं. हे कळायला जग बघावं लागतं. ज्याने दोन वर्षांत खुंट्यापलीकडचं काही पाहिलंच नाही, त्याला दूधवालाही चोर, पोस्टमनही चोर आणि दप्तर घेऊन पळणारं लेकरूही चोर. तो सगळ्यांवर भुंकतो, म्हणून तो भुंकल्यावर कोणीच उठत नाही. रात्री अडीचला टायगर भुंकला तर गल्लीतलं कोण उठून बघत होतं, सांगा ना? सगळे कूस बदलून शिव्या देत होते. ही राखण?

आणि चावण्याचं म्हणाल तर अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एक अभ्यास झाला होता, १९९४ साली छापून आला. चावलेले कुत्रे आणि न चावलेले कुत्रे यांची तुलना केली. चावणाऱ्यांमध्ये आवारात साखळीला बांधलेला कुत्रा असण्याची शक्यता जवळपास पावणेतीन पट निघाली. आता कोणी म्हणेल चावरा होता म्हणून बांधला असेल. असेल काही ठिकाणी. पण टायगर तर पिल्लू होता तेव्हाच बांधला ना आपण? तेव्हा तो कोणाला चावला होता?

आपल्या धनगर बांधवांचा कुत्रा बघा. मेंढरांच्या कळपासोबत दिवसभर चालतो. किती मैल चालतो देव जाणे. रात्री वाड्याभोवती बसतो. त्याच्याइतका राखणदार जिल्ह्यात दुसरा नाही, आणि त्याच्या गळ्यात साखळी मी तरी पाहिली नाही. त्याला काम आहे. दिवसभर पाय, नाक आणि डोकं तिन्ही चालतं. रात्री तो थकलेला असतो, पण बावचळलेला नसतो.

पोलिसांचा कुत्रा घ्या. बीड पोलिसांचा रॉकी आठवतो का? २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला होता. तीनशेवर गुन्ह्यांच्या तपासात त्याने मदत केली होती. गेला तेव्हा पोलिसांनी मानवंदना दिली. रॉकीही कुत्राच आणि टायगरही कुत्राच. रॉकीला रोज कोणीतरी बाहेर काढत होतं, वास घ्यायला लावत होतं, चुकला तर पुन्हा शिकवत होतं, बरोबर केलं की पाठ थोपटत होतं. टायगरला आपण नाव दिलं आणि खुंटा दिला.

नावावरून आठवलं. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरातून एक वाघ निघाला आणि चालत चालत आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून हिशोब लागला, सुमारे ३००० किलोमीटर. आपण सगळ्यांनी त्याच्या बातम्या वाचल्या, मीही लिहिल्या, 'वॉकर' म्हणून कौतुक केलं. तो टायगर तीन हजार किलोमीटर आणि आमचा टायगर चार फूट!

आता जातिवंत कुत्र्यांकडे येतो. गेल्या काही वर्षांत बुलढाणा, चिखली, खामगावपासून खेड्यापाड्यापर्यंत फॅशन आली आहे. हजारो रुपये मोजून जर्मन शेफर्ड आणायचा, लॅब्राडोर आणायचा, कोणी तर हस्कीसुद्धा. स्टेटसला फोटो, 'भाऊंचा शेर'. अहो, आणताना विचारा तरी, ही जात कशासाठी बनली? जर्मन शेफर्ड म्हणजे जर्मनीतल्या मेंढपाळांचा कुत्रा. १८९९ मध्ये स्टेफानिट्झ नावाच्या एका घोडदळातल्या अधिकाऱ्याने ही जात नीट बांधायला घेतली, ती दिवसभर मेंढ्यांमागे फिरणाऱ्या कुत्र्यांपासून. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंड समुद्रात कोळ्यांची जाळी, सुटलेले मासे ओढून आणायचे. हस्की बर्फावर गाडी ओढतो. म्हणजे तुम्ही मुद्दाम असा प्राणी विकत घेतला की ज्याला पिढ्यानपिढ्या माणसाने "थकू नकोस, डोकं चालव" म्हणून निवडून निवडून घडवलं. आणि घरी आणून त्याला न्हाणीएवढ्या जागेत बसवलं. ट्रॅक्टर घेऊन त्याच्यावर कपडे वाळत घालण्यातला प्रकार. हस्कीबद्दल तर मी बोलतच नाही. आपण निदान घाटावर आहोत. घाटाखाली मे महिन्यात माणूस तडफडतो, तिथं बर्फातलं कुत्रं गच्चीवर!

एक गोष्ट माझ्या घरची. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडे मोती होता. बांधला नव्हता, मी काही निर्दयी नाही असं मला वाटायचं. गच्चीवर मोकळा ठेवला होता. दोन वेळ भाकर, दूध, पाणी. सावलीला पत्रा. दीड वर्षानंतर तो स्वतःच्या शेपटीमागे गोल फिरायला लागला. दहा-दहा मिनिटं. आम्ही हसायचो. मी मोबाईलवर व्हिडिओ काढून मित्रांना दाखवला होता. नंतर त्याने शेपटीचं टोक चावून चावून रक्त काढलं, तेव्हा गुरांच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी मलम दिलं आणि एकच प्रश्न विचारला, "हा दिवसभर करतो काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो काहीच करत नव्हता. करायला काही ठेवलंच नव्हतं मी. तो व्हिडिओ आज माझ्याकडे नाही, पण मी हसत होतो ते आठवतं.

काही जण म्हणतील, आमचा तर एकदम शांत असतो, बांधला तरी काही त्रास नाही. त्यांनी हे वाचावं. १९६७ च्या सुमारास अमेरिकेत सेलिगमन आणि मायर या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. क्रूर प्रयोग होते, समर्थन नाही. काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले की काहीही केलं तरी सुटका नाही. मग त्यांना अशा पेटीत ठेवलं जिथं नुसती बुटकी भिंत ओलांडली की झटका बंद. ज्या कुत्र्यांनी आधी ते भोगलं नव्हतं ती टुणकन उडी मारून पलीकडे गेली. ज्यांनी भोगलं होतं, त्यातली बरीचशी तिथंच पडून कण्हत राहिली. दार उघडं होतं, उठलीच नाहीत. आपण काही करून उपयोग नाही हे ती शिकली होती. मग त्यांना गळ्यातल्या दोरीने ओढून पुन्हा पुन्हा पलीकडे न्यावं लागलं, तेव्हा कुठं ती स्वतःहून उठायला शिकली.

आता टायगरचं सांगतो. परवा मालकाने माझ्यासमोर साखळी बदलून दहा फुटी दोर लावला. टायगर जुन्या रेघेपर्यंत आला आणि थांबला. पुढं सहा फूट मोकळे होते. थांबला. तुमचा 'शांत' कुत्रा शांत आहे की त्याने नाद सोडलाय, एकदा बघून घ्या.

कायद्याचं बोलू, कारण अनेकांना वाटतं हे प्राणीमित्रांचं शहरी फॅड आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत होत्या, त्यांनी १९५० च्या दशकात हा विषय लावून धरला त्यातून तो आला. त्याच्या कलम ११ मध्ये क्रूरता कशाला म्हणायचं याची यादी आहे. मारणं, उपाशी ठेवणं हे सगळ्यांना माहीत. पण त्यातच एक पोटकलम नुसतं कुत्र्यासाठी आहे. नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा व्यायाम दिला नाही, दुसऱ्याकडूनही देववला नाही, तर ती क्रूरता. गुन्हा. पासष्ट वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. अतिशय आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधणं, हे वेगळं पोटकलम. आणि विनाकारण सोडून देणं, म्हणजे पोत्यात घालून घाटात सोडणं, हे आणखी वेगळं. त्या दिवशी जमलेले शंभर जण जे सुचवत होते, तो गुन्हाच होता.

दंड किती? पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये. हसू नका, खरंच. पन्नास रुपयांत आज दोन माणसांचा चहा-नाश्ता होत नाही. वर हा गुन्हा अदखलपात्र. ठाणेदार मनात आणूनही स्वतःहून काही करू शकत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूच्या निकालात प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं सांगितली, त्यात स्वतःच्या स्वभावाप्रमाणे वागता येणं हेही एक. निकाल मोठा, दंड पन्नास रुपये.

आता दुसरी बाजू. तोच कुत्रा सुटून माणसाला चावला आणि मालकाने पुरेशी काळजी घेतली नव्हती असं ठरलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे कुत्र्याला वेडा करा, पन्नास रुपये. त्या वेडाने लेकराचा पाय फाडला, मग पाच हजार. हिशोब असा उलटा लावलाय की सगळे शेवटी जागे होतात.

जर्मनीत २०२० साली तिथल्या कृषिमंत्र्यांनी प्रस्ताव आणला होता की कुत्र्याला दिवसातून दोनदा मिळून एक तास बाहेर नेलंच पाहिजे. मोठा गोंधळ झाला, लोकांनी टर उडवली, शेवटी तासाचा आकडा नियमातून गळला. पण कुत्रा साखळीला बांधून ठेवण्यावर २०२३ पासून तिथं बंदी आली, थोडे अपवाद सोडून. आपल्याकडे तासावर भांडण व्हायलाही अजून वेळ आहे.

आपण भांडतो कशावर? रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावर. २०१२ ला भांडलो, २०२५ ला पुन्हा भांडलो. पुतळा असावा की नसावा यावर माझ्या याच पेजवर तीनशे कमेंट पडल्या होत्या. त्यातल्या एकाच्याही दारातल्या जिवंत वाघ्याची साखळी किती फुटांची, कोणी विचारलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या मोकाट कुत्र्यांवर आधी एक आदेश दिला, मग अकरा दिवसांत तो बदलला, तेव्हा सगळा देश दोन गटांत. मोकाट कुत्र्यांवर प्रत्येकाचं मत आहे. बांधलेल्यावर कोणाचंच नाही. दर गुरुवारी दत्ताला जाणारे तर आपण सगळेच. पायाशी चार कुत्रे. मी आजवर पाहिलेल्या एकाही तसबिरीत त्यांच्या गळ्यात साखळी नाही.

पोराच्या आईकडेही गेलो होतो. माऊली संतापलेली होती आणि तिचा संताप शंभर टक्के बरोबर आहे. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "कुत्र्याच्या मनाचं मागून पाहा भाऊ, आधी माह्या लेकराच्या पायाचं पाहा." बरोबर. मी तिला एवढंच सांगितलं की लेकराच्या पायासाठीच तो कुत्रा जिवंत राहिला पाहिजे. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात. दहा दिवसांत तो धडधाकट राहिला तर चावला तेव्हा त्याच्यापासून रेबीजचा धोका नव्हता हे कळतं. मारला किंवा घाटात सोडला तर काहीच कळत नाही. इंजेक्शनं मात्र डॉक्टर सांगतील तशी पूर्ण घ्यायची, त्यात हयगय नाही. तिला पटलं. तिच्या घरच्यांनीच मग गर्दी हटवली.

आणि हो, बांधलेला कुत्रा राखणीला म्हणणाऱ्यांनो, बिबट्याचं काय? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात (आपलं अकोला नव्हे) बिबट्या काय खातो याचा अभ्यास झाला, त्यात कुत्रा सगळ्यात वर निघाला. ज्ञानगंगेच्या कडेच्या वस्त्यांनी विचार करावा. रात्री अंगणात चार फुटांवर बांधलेला कुत्रा म्हणजे वाढलेलं ताट.

"वेळ कुठं आहे भाऊ?" हा शेवटचा प्रश्न येणारच. मान्य, शेतीची कामं, नोकरी, पोरांची शाळा. पण पहाटे अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. एवढंही नसेल तर कुत्रा आणू नका, कोणी जबरदस्ती केलेली नाही. शेफर्ड-हस्कीला याहून जास्त लागतं. अगदी लहान पिल्लाला आणि म्हाताऱ्याला कमी, थांबत थांबत. उन्हाळ्यात उजाडताना आणि दिवस मावळल्यावरच. डांबरावर हाताची मागची बाजू ठेवून बघा, तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या पंजालाही होत नाही.

आणि फिरवायला नेलं की ओढत नेऊ नका. थांबून वास घेऊ द्या. लोक म्हणतात पुढं चल, काय हुंगतोय. अहो, तेच तर त्याचं वर्तमानपत्र. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात, त्याच्या नाकात जातीप्रमाणे तीस कोटींपर्यंत. वीस मिनिटं मनसोक्त हुंगू दिलं की तो घरी येऊन गपगार झोपतो. नुसतं पळवून डोकं थकत नाही.

घरातही पैसे लागत नाहीत. भाकर ताटलीत टाकण्याऐवजी तुकडे करून अंगणातल्या गवतात पसरा, शोधू द्या. जुन्या फडक्याच्या घडीत चार तुकडे गुंडाळून द्या. किराणाच्या खोक्यात कागद कोंबून आत खाऊ लपवा, फाडू द्या, कचरा होईल तो झाडा. घरातलं पोरगं लपलं आणि "शोध" म्हटलं की शोधायला शिकवा. 'बस', 'थांब', 'सोड' एवढे तीन शब्द रोज पाच मिनिटं. यातला 'सोड' टायगरला येत असता तर कदाचित पोटरीला एकच दात लागला असता. वावरात जाताय ना रोज? पट्टा लावून सोबत न्या. बैल वावरात जातो, शेळी चरायला जाते, कुत्रा तेवढा चोवीस तास दावणीला. गावात सगळ्यात कमी हिंडणारं जनावर आज कुत्रा झालाय, याची जरा तरी लाज वाटली पाहिजे.

कोणी याचा अर्थ कुत्रे मोकाट सोडा असा काढू नका. काढणारे काढतीलच. मी पट्टा म्हणतोय, मोकाट नाही. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस पाहिजे, खुंटा नाही, एवढंच म्हणतोय.

माझ्याकडून दोन कामं. नियमाप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असायला हवी, २००१ चे नियम आहेत. आपल्या जिल्ह्यात तिची शेवटची बैठक कधी झाली आणि त्यात काय ठरलं, याचा माहिती अधिकाराचा अर्ज उद्या टाकतोय. उत्तर आलं की इथंच लावीन, जे असेल ते.

दुसरं टायगरचं. आज सहावा दिवस. खातोय, पाणी पितोय, डोळे स्वच्छ आहेत. तो आता दारात नाही, आत पत्र्याच्या खोलीत आहे, मोकळा, दाराला कडी. लस टोचलेली होती की नाही यावर मालक आणि त्याच्या भावात अजून एकमत नाही, त्यामुळे दहा दिवस झाले की आधी डॉक्टर. त्यांनी हिरवा कंदील दिला की दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी पट्टा आणि तोंडाची जाळी घेऊन त्या दारात उभा राहणार. पैनगंगेकडे जायचं, माणसं उठायच्या आत परत यायचं. मालकाला म्हटलं, तुम्हीही चला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "या तुम्ही. पाहू."